शर्यत तीच, कायदा वेगळा

कोल्हापुरात बैलगाडी शर्यतीचा विषय निघाला की माझा मामा 2014 वर येऊन थांबतो. 7 मे रोजी सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टूसोबत आपल्या शर्यतीही बंद केल्या. कालपर्यंत बक्षीस घेणारा गाडीवान आता आरोपी ठरणार होता. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला. हायकोर्टाने लगेच ब्रेक लावला. परवानगी मिळाली ती थेट 16 डिसेंबर 2021 ला. 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैलाला इजा केली तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. मला हे पटतं, चाबकाचे वळ मी जवळून पाहिलेत. मामा वाद घालत नाही. 2014 ला दावणीला असलेली त्याची पळायची जोडी 2021 पर्यंत म्हातारी झाली होती.