गवती धावपट्टी आणि पडीत जमीन

विमान उतरवायला डांबर लागतेच असे नाही. जमीन सपाट व निचऱ्याची असली, गवत कापलेले असले की छोटे विमान उतरते. जुहूचे विमानतळ 1928 साली सुरू झाले तेव्हा ते कच्चे मैदानच होते. 1932 च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. असले छोटे विमानतळ बंद पडले की मागे गवत उरते, आणि एक प्रश्न: ही जमीन कोणाची?

श्रीरामपूर तालुक्यात हा प्रश्न विमानाहून जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रज सरकारने इथल्या नऊ गावांची सात हजार एकरांहून अधिक जमीन घेऊन बेलापूर कंपनीला दिली. हरेगावचा साखर कारखाना याच कंपनीचा. या जमिनीला 'आकारी पडीत' म्हणतात. नाव तरी पाहा! भंडारदऱ्याचे पाणी कालव्याने आले आणि पडीतात ऊस उभा राहिला. म्हणजे कंपनीला हवी असली की पडीत जमीन सापडते, कसतेही.

याच हरेगावात 16 डिसेंबर 1939 रोजी महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निमित्त होते वतनी जमिनीवरील वाढवलेल्या जुडीचे. गावकीची राबणूक अहोरात्र, तिचा मोबदला तुटपुंजी इनाम जमीन, आणि त्या जमिनीवर वर वाढीव सारा! बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. ते जमिनीसाठी भांडत होते, पण जमिनीच्या पायातली बेडी तोडूनच. हा बारकावा आपल्या चळवळीतही पुष्कळदा सुटतो. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा आला 1958 साली, बाबासाहेबांच्या पश्चात.

पुढे 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कारखान्यांची जमीन सरकारकडे आली. ती भूमिहीनांना वाटली जाईल असे ज्यांना वाटले, त्यांच्या वाट्याला 1963 साली शेती महामंडळ आले. मालक बदलला, मजूर मजूरच राहिला. पुढच्याच वर्षी, 6 डिसेंबर 1964 पासून, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. लाखोंनी तुरुंग भरले. मागणी काय होती? पडीत जमीन कसणाऱ्याला द्या.

कालांतराने महामंडळाकडील जमिनी मूळ खंडकऱ्यांना परत देण्याचे ठरले. ज्यांची जमीन गेली त्यांना ती मिळावी, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु परत मागायला आधी जुना उतारा लागतो. त्याच मातीत ऊस तोडणाऱ्याच्या बापजाद्यांच्या नावे उतारा कधी निघालाच नव्हता. त्याच्याकडे होती हजेरीपत्रकावरची नोंद, आणि महसूल खाते ती वाचत नाही.