अडकलेली दांडी आणि 1940 सालची गोष्ट

आजचा भाग एका अडकलेल्या दांडीबद्दल आहे.

मागच्या पावसाळ्यात पारोळजवळच्या एका शेतात आमची जुनी फोर-बाय-फोर चिखलात रुतली. चारही चाकं जोडली, बाहेर काढली, जाम खूश झालो. त्या खुशीत दांडी परत टू-व्हीलवर घ्यायची राहिली आणि गाडी तशीच डांबरी रस्त्याने शिरसाडपर्यंत दामटली. वळताना स्टिअरिंग जड, टायर कुरकुरतायत, आणि दांडी हलेचना! एका गॅरेजमध्ये म्हणाले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून पप्पा म्हणाले, ‘भंगारात देऊन टाकू.’ गाडी आजोबांची. मला काही झोप लागेना. मग या गाड्यांचा इतिहास वाचत बसलो, आणि उत्तर तिथेच सापडलं.

1940 मध्ये अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी नमुने बनवले. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्यांच्या गिअरबॉक्सला मागे एक वेगळी पेटी जोडलेली असायची, ती म्हणजे ट्रान्सफर केस. तिला दोन दांड्या: एक पुढची चाकं जोडायला, दुसरी हाय-लो बदलायला.

तीच जीप मग आपल्याकडे आली. 1945 मध्ये सुरू झालेली महिंद्र अँड मोहम्मद 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. विलीजचे सुटे भाग मुंबईत माझगावला जोडून तिथून भारतीय जीप बाहेर पडू लागली.

आता खरी मेख ऐका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पण ही ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधून टाकते. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून सगळा ताण आतल्या गिअरमध्ये साठतो. दांडी अडकते ती त्यामुळे. गाडी युद्धातल्या चिखलासाठी बनली होती, आणि मी ती डांबरावर तशीच पळवली!

मी मोकळ्या जागेत स्टिअरिंग सरळ धरून गाडी हळूहळू रिव्हर्स घेतली. ‘खट्’ आवाज आला आणि दांडी सुटली. खर्च शून्य.

म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं बघा. आवाज फक्त फोर-व्हीलमध्ये येतो का? मग आधी ट्रान्सफर केस आणि पुढचा ॲक्सल तपासा. टू-व्हीलमध्येही एका ठरावीक गिअरलाच येतो? मग गिअरबॉक्सवर संशय घ्या. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत ना? आणि जुलै 2018 सारखं पाणी भरलं, गाडी बुडाली, तर दोन्हींचं ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. ते बदलल्याशिवाय गाडी हलवू नका.

आजोबांची गाडी अजून दारात उभी आहे. चावी आता पप्पा माझ्याकडेच देतात. फक्त डांबर लागलं की विचारतात, ‘दांडी काढलीस ना?’

भेटू पुढच्या भागात!