तळटीप : २४ जानेवारीचे निर्णय
तुर्कस्तानच्या सरकारने २४ जानेवारी १९८० रोजी जाहीर केलेला आर्थिक कार्यक्रम. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोचा सदस्य. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याची परकीय चलनाची गंगाजळी आटली. तेलाअभावी घरे गारठली, आणि जिथल्या पाहुणचाराची सुरुवात कॉफीने होते तिथे कॉफीच मिळेनाशी झाली. १९७९मध्ये इराणचा शहा पदच्युत झाला, डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. या टोकाचा मित्र कोसळू देणे पाश्चात्त्य राष्ट्रांना परवडणारे नव्हते. मदत आली, पण नाणेनिधीच्या अटींसह. लिरा एका डॉलरला ४७ वरून ७० वर घसरवण्यात आला, सरकारी कारखान्यांच्या मालाचे भाव वाढले, आयातीवरचे निर्बंध सैलावले. मार्चमध्ये अमेरिकेशी झालेल्या कराराच्या नावातच ‘संरक्षण आणि आर्थिक सहकार्य’ असे दोन्ही शब्द होते.

कार्यक्रमाचे शिल्पकार तुर्गुत ओझाल. त्यासाठी मजुरी दाबून धरणे गरजेचे होते, पण कामगार संघटना प्रबळ असताना ते अवघड होते. ती अडचण १२ सप्टेंबरच्या लष्करी उठावाने दूर केली : संसद बरखास्त, संपांवर बंदी, ‘दिस्क’ या डाव्या कामगार महासंघाला टाळे. जनरल केनान एव्हरेन यांनी सरकार उलथवले, मात्र त्याचा आर्थिक कार्यक्रम ठेवला आणि ओझाल यांना उपपंतप्रधान नेमले. हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. पुढच्याच महिन्यात, ग्रीसला नाटोच्या लष्करी रचनेत परत घेण्यास असलेला तुर्की विरोधही एव्हरेन यांनी सोडला. ओझाल १९८३मध्ये निवडणूक जिंकून पंतप्रधान झाले; ‘दिस्क’वरील बंदी मात्र १९९०च्या दशकापर्यंत उठली नाही.