खोल ठशाचे नाणे आणि त्याची प्रत

राणी छाप रुपयाची प्रत ठरवायची तर जाणकार भिंग धरतो ते उंचवट्यांवर: गालावर, केसांच्या बटांवर, मुकुटाच्या कडेवर. झीज तिथे आधी दिसते. प्राचीन आहत नाण्यापुढे मात्र ही रीत लंगडी पडते. चांदीच्या पत्र्याचा तुकडा कापायचा, कोपरे छाटून वजन जुळवायचे आणि एका बाजूवर पाच वेगवेगळे ठसे हाणायचे, असे हे नाणे घडे. वजन ३२ रत्तींचे, म्हणजे साधारण ३.४ ग्रॅम. चिन्ह उठलेले असते, पण ते खळग्याच्या तळाशी. हातोहात फिरताना आधी घासते ती भोवतालची सपाट चांदी. त्यामुळे सूर्य आणि षडर (सहा आऱ्यांचे) चक्र ही चिन्हे ठसठशीत दिसत असतानाही नाण्याने वजन गमावलेले असू शकते. छाटलेला कोपरा पाहून नवखा नाक मुरडतो, पण ती टांकसाळीतलीच दुरुस्ती आहे.

मग या नाण्यांची पारख करी कोण? कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त रूपदर्शक नावाचा अधिकारी आहे. चलनात फिरणारे आणि खजिन्यात येणारे नाणे तपासणे हे त्याचे काम. तपासणीचा आकारही ठरलेला, शेकडा एक अष्टमांश. संग्राहक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी नाण्याच्या अवस्थेला दर लागत होता तो असा. पुढे सराफ आणि पोतदार आले, झिजलेल्या रुपयावर बट्टा कापू लागले. तपासलेल्या रुपयावर सराफ आपली बारीक खूण उमटवी. आज लिलावात त्याच खुणेपायी नाण्याचा भाव पडतो.

आहत नाण्यांच्या मागच्या बाजूलाही अशा बारीक खुणा असतात. कुणावर एकही नाही, कुणावर दाटीवाटीने. सराफांनी मनाला येईल तेव्हा मारलेले ठसे, एवढ्यावर बरेच अभ्यासक थांबत. या खुणांचा हिशेब मांडला तो गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी. तक्षशिलेत सापडलेल्या दोन साठ्यांची वजने प्रसिद्ध झाली होती. १९४० पासूनच्या दोन-तीन वर्षांत कोसंबींनी त्यांच्यावर संख्याशास्त्र चालवले. मागच्या खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. याचा अर्थ खुणा ठरावीक मुदतीने पडत होत्या, म्हणजे तपासणी नियमित होती. मग हेच चालत्या चलनातही दिसते का, हे पाहण्यासाठी त्यांनी रोजच्या वापरातली हजारो नाणी तराजूवर घातली. नाणे जसे जुने होते तसे सरासरी वजन उतरते आणि नाण्यानाण्यांतली तफावत वाढत जाते, हे तिथेही दिसले.

कोसंबींनी लावलेल्या या नाण्यांच्या कालक्रमाशी पुढच्या अभ्यासकांचे सगळेच जुळले नाही. पण मला त्यांची मोठी करामत वेगळीच वाटते. ‘बरे’, ‘चांगले’, ‘उत्तम’ अशा नजरेच्या शेऱ्यांवर चालणारी गोष्ट त्यांनी मिलिग्रॅमवर आणली, आणि नाण्याचा दोष मानली जाणारी खूण हीच त्याच्या वयाची नोंद ठरवली.

संग्राहकांची वाट वेगळी गेली. १९४९ साली अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी बांधली. मुळात तोही भावाचाच हिशेब होता: ७०चे नाणे १च्या सत्तर पट किमतीचे. खोल ठशाने ही श्रेणीही चकते. अमेरिकेने १९०८ पासून बेला लायन प्रॅट यांच्या आराखड्याची अडीच आणि पाच डॉलरची सोन्याची नाणी काढली, त्यांत चित्र पृष्ठभागाखाली आहे. खळग्यात मळ साचून रोगराई पसरेल, अशी ओरड तेव्हा एका नाणे-व्यापाऱ्याने केली होती! या नाण्यांची उघडी सपाटीच ओरखडे झेलते, म्हणून दर्जा ठरवणारे आजही त्यांच्यावर हुज्जत घालतात.

आपल्याकडे आहत नाणी घेणारा आधी विचारतो, पाचांपैकी किती ठसे पुरते बसले आहेत. तुकडा लहान, ठसे मोठे, त्यामुळे एखादे चिन्ह अर्धे बाहेर सांडतेच. दुसरा प्रश्न ‘जी-एच’ क्रमांकाचा. परमेश्वरीलाल गुप्त आणि टेरी हार्डेकर यांची वर्गवारी १९८५ साली नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणेसंशोधन संस्थेने छापली, तेव्हापासून तीच या बाजाराची भाषा आहे.

गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडे जुन्या नाण्याची प्रत अजून सोनार ठरवतो. माडिया-गोंड घरांतल्या रुपयांच्या माळेत राजाराणीचे रुपये कडी डाखवून ओवलेले असतात. संग्राहक कडी पाहूनच मान फिरवतो. सोनाराला त्याचे काही नाही. रुपया एक तोळ्याचा, आणि १९४० च्या आधीचा असेल तर बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० ते १९४५ चा निम्म्या चांदीचा. साल वाचता येणे हीच तिथली पारख.

शेतात नांगराला मडके लागले तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तोवर लोक दोन कामे हमखास करतात: नाणी चिंचेने घासतात आणि त्यांतली देखणी वेगळी काढतात. घासल्याने वजनाचा पुरावा जातो. वेचल्याने साठ्याची सरासरी जाते, कारण कोसंबींच्या हिशेबाला गुळगुळीत झालेले नाणेही तेवढेच लागते.