मुंबईत जन्मलेले किती?

सहावी-सातवीच्या वर्गात 'विविधतेत एकता' हा विषय येतो, तेव्हा बहुतेक शाळांत तो एका ठरावीक पद्धतीने साजरा होतो. कोणी पंजाबी होते, कोणी बंगाली, कोणी कोळीण. नाच होतो, खाऊ वाटला जातो आणि धडा संपतो. मुलांना मजा येते, हे चांगलेच आहे. पण हे निरनिराळे लोक एका ठिकाणी आले कसे? एकत्र आल्यावर कोणाच्या वाट्याला काय आले? हे प्रश्न तसेच राहतात. इतिहासाच्या तासाला आपण तिथूनच सुरुवात करू शकतो. त्यासाठी मुंबईचे उदाहरण सोयीचे आहे.

वर्गाला आधी अंदाज करू द्यावा. १९२१ साली मुंबईत राहणाऱ्या दर शंभर माणसांपैकी मुंबईतच जन्मलेली किती असतील? अंदाज फळ्यावर लिहून ठेवावेत आणि मग त्या वर्षीच्या जनगणनेचे उत्तर सांगावे: सुमारे १६. उरलेल्या ८४ जणांचा जन्म शहराबाहेरचा होता. त्याआधी, १८७२ मध्येही मुंबईत जन्मलेल्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपासच होते.

ही माणसे आली कुठून? १९२१ मध्ये शहरातील दर पाच माणसांत जवळजवळ एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. (आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्यातच होता.) सातारा, पुणे, नगर या घाटावरच्या जिल्ह्यांतून लोक आले. गोव्यातून आले, तसेच कच्छ, काठेवाड आणि सुरतेहूनही आले. तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांनी इमारती बांधल्या. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरून पडले. उत्तर हिंदुस्थानातले मुसलमान विणकर मदनपुऱ्यात स्थिरावले. बगदादहून ज्यू व्यापारी आले, तर इराणहून आलेल्यांनी चहाची दुकाने थाटली. कोळी मात्र या सर्वांच्या आधीपासून इथे होते.

आता 'का आले' याकडे वळू. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांची रांगच उभी राहिली. त्यांना हजारो हात हवे होते. दुसरीकडे रत्नागिरीची जमीन डोंगराळ. भाताचे पीक वर्षातून एकदा, शेताचे तुकडे पडत चाललेले आणि त्यातून खोताचा वाटा द्यायचा. घरातला एक जण मुंबईस गेला, तर त्याच्या मनिऑर्डरीवर उरलेले तग धरत. हातमागाच्या विणकराची गोष्ट वेगळी होती. यंत्राच्या स्वस्त कापडापुढे त्याचे कापड टिकेना, म्हणून तो निघाला. म्हणजे एक गिरणी एकाला बोलावत होती, तर दुसऱ्याचे गाव सोडवत होती. दोघे एकाच शहरात भेटले.

इथे मुलांना आणखी एक कोडे घालता येईल. परळच्या चाळीत वाढलेला मुलगा जनगणनेत 'बाहेर जन्मलेला' कसा काय होईल? गिरणीकामगार बहुधा एकटाच मुंबईत असे. एका खोलीत गावचे दहा-पंधरा जण राहत आणि खानावळीत जेवत. शहरात पुरुषांच्या मानाने स्त्रिया जवळजवळ निम्म्याच होत्या. बायको मुंबईत असली तरी बाळंतपणाला गावी जाई, त्यामुळे मुलाचे जन्मस्थान गावच लागे. आकड्याने नेमके काय मोजले आहे हे विचारायची सवय गणितात लागते, तशी इतिहासातही लागावी.

गिरणीत सर्व प्रांतांचे लोक एका छपराखाली आले, पण सर्वांना सारखे काम मिळाले नाही. विणकाम खात्यात मजुरी चांगली असे. तिथे धोट्यातली कांडी बदलताना धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागणार, हे कारण पुढे करून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना त्या खात्यापासून दूर ठेवले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. गाव सोडले म्हणजे जात मागे पडतेच असे नाही. वेषभूषेच्या कार्यक्रमात ही गोष्ट कधीच दिसत नाही, म्हणून ती वर्गात सांगितली पाहिजे.

यानंतर वर्गाचाच नकाशा करावा. प्रत्येकाने घरी विचारून आई-वडील व आजी-आजोबांची जन्मगावे चिठ्ठीवर लिहावीत; नाव लिहू नये. गावे नकाशावर टाचणीने दाखवून ती शाळेच्या गावाशी दोऱ्याने जोडावीत. आजी आणि आई यांचे दोरे बरेच निघतील. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित नोंदले गेले. त्यांत दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींनी गाव सोडले ते लग्नामुळे. 'बाहेरून आलेला' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आई का येत नाही, यावर चर्चा करावी.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातले मूल वर्गात असेल, तर त्याला उभे करून 'तुझे गाव कोणते?' असे विचारू नये. ज्याला हा प्रश्न रोजच, वेगळ्या सुरात विचारला जातो, त्याला तो वर्गात तरी सोसावा लागू नये. नकाशावर सर्वांचे दोरे एकसारखे असतात. त्याचा दोरा फक्त या वर्षीचा आहे आणि शेजारच्याचा शंभर वर्षांपूर्वीचा, इतकेच त्या मुलाला आणि त्याच्या सोबत्यांना आपोआप दिसावे.