पालवणकर बाळू : चेंडू चालला, पण कप वेगळा

अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये मेजर लीग बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडली, हे आपल्या अनेक तरुणांना ठाऊक असते. त्याआधी चाळीस वर्षे महाराष्ट्रातील एका खेळाडूने क्रिकेटमधील जातीच्या भिंतीला धडक दिली होती. त्यांचे नाव पालवणकर बाळू. ही माहिती आम्ही मुख्यतः आपल्या तरुण कार्यकर्त्यांसाठी देत आहोत.

सुरुवात

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे चर्मकार समाजात झाला. वडील लष्करी नोकरीत होते. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी लावणे अशी कामे बाळू करत. पगार महिना चार रुपये. तेथील नामांकित फलंदाज ग्रेग त्यांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायला लावत. त्यातून एक अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे. ती साहेबांसाठी होती.

चहाचा कप

पुण्याच्या हिंदू संघाला जिंकण्यासाठी बाळू हवे होते, म्हणून त्यांना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर उभे करून मातीच्या कपात चहा दिला जाई. जेवणही वेगळे.

कोल्हापूरच्या वाचकांना येथे गंगाराम कांबळे आठवतील. त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन चहा प्यायले. एका कपाने माणसाला बाहेर ठेवले, दुसऱ्या कपाने अस्पृश्यतेला उघड आव्हान दिले.

इंग्लंडचा दौरा

पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४.

कर्णधारपद

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनीच हा मान बाळूंचा होता, असे जाहीरपणे सांगितले. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांना डावलून दुसऱ्याला कर्णधार केले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि त्याचे कारण लोकांसमोर मांडले. व्यवस्थापनाला नमते घ्यावे लागले. पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. बाळूंच्या बळींनी संघाचे दार उघडले होते; कर्णधारपदासाठी मात्र भावांना नकार द्यावा लागला.

बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक

स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांसमोर उमेदवारी दिली. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. बाळूंची ही भूमिका आम्हाला मान्य नाही. पण त्यासाठी त्यांचे नाव पुसून टाकणे हा अन्याय होईल. ज्यांनी त्यांना बाहेर चहा पाजला, त्यांच्या विस्मरणात आपण भर घालू नये. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपले काम

कोल्हापूर ही तालमींची आणि खासबाग मैदानाची नगरी. जयंतीनिमित्त आपली मंडळे क्रिकेटच्या स्पर्धा भरवतात. त्यातल्या एका चषकाला पालवणकर बंधूंचे नाव द्यावे आणि बक्षीस वाटपाच्या वेळी १९२० च्या नकाराची गोष्ट मुलांना सांगावी. आजही निवड समितीत कोण बसतो आणि कर्णधार कोण ठरवतो, हे विचारण्याची सवय त्यातून लागेल.