अंगणातील मोटारखाना

विंध्याचा घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात आले म्हणजे देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागातील सतवास हे गाव लागते. होळकरशाहीत हा मुलूख इंदूर संस्थानच्या नेमावर जिल्ह्यात मोडत असे. मोटारीच्या इतिहासाला या भूगोलाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. कंपनीचा कारखाना जितका दूर आणि वाटेतला घाट जितका अवघड, तितका मोटारमालकाचा हात पान्यावर अधिक बसतो. जुन्या मोटारी घरच्या घरी दुरुस्त करण्याची विद्या मोठ्या शहरांपेक्षा अशा आडबाजूच्या गावांना अधिक गरजेची होती.

माळव्यातील मराठी संस्थानांत मोटार आली तेव्हा मात्र तिची चिंता मालकास करावी लागत नसे. त्यासाठी मोटारखाना असे. देवासची गोष्ट तर गमतीची आहे. एकाच गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये नांदत होती, आणि कारभारही दोन होते. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांनी १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम्. फॉर्स्टर यांस खाजगी चिटणीस म्हणून बोलावले. लेखनवाचनाचे काम मिळेल अशी त्यांची अपेक्षा. वाट्यास आले बागा, टेनिसची मैदाने, पाहुण्यांचा बंगला, विजेचे घर आणि मोटारी! साहित्यिकाच्या हाती मोटारखाना सोपविणारे संस्थान दुसरे क्वचितच असेल. देवासच्या या दिवसांची हकीकत त्यांनी पुढे १९५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

इंदूरची तऱ्हा निराळी. यशवंतराव होळकर (दुसरे) यांना वेगवान मोटारींचे मोठे वेड. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कारखान्याची ३२० अश्वशक्तीची गाडी त्यांनी १९३० नंतरच्या दशकात घेतली आणि तिच्यावर लंडनच्या कारागिरांकडून केशरी व काळ्या रंगाचा साज चढविला. असल्या गाड्यांचा सांभाळ खजिन्याच्या बळावर होत असे. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, आणि मोटारखान्यांचे दिवसही पालटले.

मध्यमवर्गीयाच्या दारी जी मोटार आली ती मुंबईहून, कुर्ल्याच्या कारखान्यातून. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. आरंभी तेथे अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी कुर्ल्यास बाहेर पडू लागली. वालचंद ती पाहावयास राहिले नाहीत; ८ एप्रिल १९५३ रोजीच त्यांचे निधन झाले होते.

ही चार दरवाजांची गाडी दिसावयास साधी. पण तिचे कूळ शर्यतीचे होते. इटलीत १९५३ साली ती प्रथम निघाली तेव्हा तिचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन ३६ अश्वशक्तीचे होते, आणि त्याच वर्षी निघालेल्या तिच्या वेगवान भावंडाचे इंजिन सुमारे ५० अश्वशक्तीचे. हिंदुस्थानात आली ती साधी आवृत्ती. तरीही मुंबईच्या जुहू विमानतळावर आणि मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हौशी मंडळींनी याच गाड्यांची इंजिने घासूनपुसून, सुधारून शर्यती गाजविल्या. आठवडाभर कचेरीत जाणारी गाडी रविवारी शर्यतीत उतरे, ही त्या काळची नवलाई होय.

गाडी घरी दुरुस्त करण्यामागे मात्र हौसेहून गरज मोठी होती. १९५३ च्या जकात मंडळाच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे वाव उरला नाही. आयात बंद, परवान्यांची बंधने, उत्पादन थोडे. नवी गाडी नोंदविणाऱ्यास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती असलेली गाडी टाकून दुसरी घ्यावी, हा विचारच संभवत नव्हता. १९५३ ची इटालियन रचना थोडाफार मुखवटा बदलून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कुर्ल्यास निघत राहिली. तिचे 'पद्मिनी' हे नाव १९७४ चे. या दीर्घायुष्याला कित्येक जण निष्ठेचे नाव देतात. त्यात निरुपायाचा भाग मोठा होता, हे विसरता कामा नये. मात्र त्या निरुपायातून एक गुण निपजला. पन्नास वर्षे गाडीचा गाभा बदलला नाही, म्हणून बापाने शिकलेले काम मुलाच्या गाडीलाही लागू पडत असे.

ते काम कसे चाले? रविवारी सकाळी बोनेट उघडले जाई. प्रथम प्लग काढून पाहावयाचे. प्लगचे टोक तांबूस-तपकिरी असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक. काळे काजळलेले असेल तर पेट्रोल अधिक जळते आहे. पांढरे पडले असेल तर इंजिन तापते आहे. वैद्याने जीभ पाहावी तसाच हा प्रकार. मग वितरकातील पॉइंट पॉलिश पेपराने घासून त्यांतील फट जुळवावयाची. मापाची पट्टी नसेल तेथे पोस्टकार्डाच्या जाडीवर भागविणारेही होते. कार्बुरेटरमधील जेट फुंकून साफ करावयाचा. त्यात तार घालावयाची नाही, कारण छिद्र केसभर मोठे झाले तरी पेट्रोलचा खर्च वाढतो. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस द्यावयाचे. हे शेवटचे काम कंटाळवाणे, म्हणून बहुधा टाळले जाई, आणि त्याचे प्रायश्चित्त पुढे स्टिअरिंगच्या खडखडाटातून मिळे.

उन्हाळ्यात घाट चढताना दोन संकटे ठरलेली. पेट्रोलपंप इंजिनाला चिकटून असल्याने उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे. उपाय एकच: पंपावर ओले फडके ठेवून सावलीत बसणे. दुसरे संकट अधिक घातक. इंजिनाचा माथा ॲल्युमिनियमचा; पाणी उकळून आटल्यावर घाईने गार पाणी ओतले की तो वाकडा होई व पॅकिंग फुटे. तेथे घरगुती विद्या संपे आणि कारखान्याची वाट धरावी लागे. विंध्याच्या घाटात पाण्याची बादली गाडीत ठेवणारा मनुष्य भित्रा नसे, शहाणा असे.

या सर्वांत ब्रेकचे काम जोखमीचे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पायाखालचा पट्टा स्पंजासारखा मऊ लागतो, आणि ती हवा काढण्यास दोन माणसे लागतात. एकजण चाकाशी पाना घेऊन निजलेला, दुसरा पट्ट्यावर पाय ठेवून बसलेला. 'दाब' म्हटले की दाबावयाचे, 'सोड' म्हटल्यावाचून सोडावयाचे नाही. चाकाकडची चावी उघडी असताना पाय सुटला तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाई आणि सारी मेहनत वाया. हे दुसरे माणूस म्हणजे घरातलेच कोणी: मुलगा, पुतण्या किंवा स्वयंपाक अर्धा टाकून आलेली गृहिणी. मोटारीच्या इतिहासात या दुसऱ्या माणसाची नोंद कोठे सापडत नाही. पण घाट उतरताना साऱ्या कुटुंबाचा जीव त्याच्या पायावर अवलंबून असे. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते व आतून गंज धरविते, म्हणून ते मुदतीने बदलावे लागते. दिसत नाही म्हणून हेच काम राहून जाई, आणि घरगुती दुरुस्तीचा खरा धोका येथेच होता.

आणखी एक गोष्ट गावोगावी निराळी ठरली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तळाचा पत्रा गंजला की गाडीचा कणाच मोडे. माळव्याच्या कोरड्या हवेत तोच पत्रा कितीतरी अधिक काळ टिके. सतवाससारख्या गावी कारखान्याची सोय दूर असली, तरी हवेने ती उणीव काही अंशी भरून काढली.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि मालकांची पद्मिनीवरची भिस्त कमी होऊ लागली. पुढे इंधन व ठिणगी यांचा कारभार विद्युत्‌-यंत्रणेच्या हाती गेला. पोस्टकार्डाने जुळवावी अशी फटच उरली नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सींसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. खाजगी गाड्यांची स्थिती निराळी आहे. पंधरा वर्षांनंतर तपासणी करवून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. त्या तपासणीस जाण्याच्या आदल्या दिवशी जुन्या फियाटच्या मालकास आजही ब्रेकच्या पट्ट्यावर पाय ठेवून बसणारे कोणीतरी शोधावे लागते.